‘फायरबॉल’ : एक रेकॉर्ड, दोन पोरं

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे. जिथे गाणी ऐकवली गेली तिथे कंसात नोंद आहे.)

प्रास्ताविकात बराच वेळ गेला, म्हणून मी थेट आवाजापासूनच सुरू करतो. गाणं नंतर, आधी फक्त पहिले काही सेकंद ऐका.

(ध्वनिमुद्रण ऐकवले.)

काय आहे हे? मागून कुणीतरी म्हणालं, ‘कूलर’. (हशा.) हसू नका, जवळजवळ बरोबर आहे. जालन्यात मे महिना काढलेल्या माणसाला मोटर धरल्याचा आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. स्टुडिओतला एअर कंडिशनर सुरू होतानाचा तो आवाज आहे. यांनी तो टेपवर घेतला आणि रेकॉर्डच्या अगदी तोंडाशी ठेवला. मोटर वेग घेते, आणि तिच्या पाठोपाठ ड्रम्स येतात. पुढची तीनेक मिनिटं कुणाला श्वास घ्यायला सवड नाही.

रेकॉर्डचं नाव ‘फायरबॉल’. बँड डीप पर्पल, देश इंग्लंड, साल १९७१. रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, इयन गिलन गायला, रॉजर ग्लोव्हर बेसवर आणि इयन पेस ड्रम्सवर. डीप पर्पल म्हटलं की लोकांना एकच गाणं आठवतं, ते गिटारच्या दुकानात प्रत्येक पोरगं वाजवून बघतं ते. ते या रेकॉर्डवर नाही. ते पुढच्या वर्षीच्या ‘मशीन हेड’वर आहे. आधीच्या वर्षी, १९७० साली, ‘इन रॉक’ आली होती. म्हणजे ‘फायरबॉल’ ही दोन थोरल्या भावांच्या मधली बहीण आहे. घरात दोघांचं कौतुक चालतं, हिच्याकडे कुणी बघत नाही.

आणि खरं सांगायचं तर रेकॉर्ड विस्कळीत आहेच. १९७० च्या सप्टेंबरपासून १९७१ च्या जूनपर्यंत, दौऱ्यांच्या मधे मिळतील तेवढे दिवस काढून ती तुकड्यातुकड्यांत झाली. ब्लॅकमोर तिच्याबद्दल नेहमी नाराजीनंच बोलला. आम्हाला वेळच दिला नाही, ही त्याची तक्रार. गिलनला मात्र ती फार आवडते. गंमत म्हणजे इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली त्यांची ही पहिली रेकॉर्ड. विकली गेली, पण मान मिळाला तो दुसऱ्या दोघींना.

मग मी तिच्यावर का बोलतोय? कारण उत्तर युरोपात, वेगवेगळ्या देशांत, १९६३ सालीच जन्मलेली दोन पोरं होती. एक स्टॉकहोमला, एक कोपनहेगनजवळ. दोघांच्या हातात लहानपणी हीच रेकॉर्ड पडली. एकाचा झाला यंग्वे मालमस्टीन, ज्याच्यामुळे १९८० च्या दशकात जगभरच्या गिटारवाल्यांनी वेगाची धास्ती घेतली. दुसऱ्याचा झाला लार्स उलरिक, मेटॅलिकाचा ड्रमर. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण दोघांनी एकाच रेकॉर्डमधून काय उचललं आणि काय तिथेच ठेवून दिलं, हे पाहिलं की शिकणं म्हणजे काय याबद्दल बरंच काही हाती लागतं. मला आज त्याच्यावरच बोलायचं आहे.

आधी स्टॉकहोम. यंग्वेच्या घरात संगीत होतं, थोरली भावंडं वाजवणारी होती. १९७० च्या सप्टेंबरमध्ये जिमी हेंड्रिक्स वारला, त्या बातमीत टीव्हीवर त्याला गिटार पेटवताना दाखवलं आणि या सात वर्षांच्या पोरानं घरात पडून असलेली गिटार हातात घेतली, असं तो स्वतःच सांगत आला आहे. पण लक्षात घ्या, हेंड्रिक्सनं त्याला काय दिलं? आग दिली. वाजवायचं काय, ते नाही दिलं. ते पुढं, तो आठ वर्षांचा असताना, बहिणीनं ‘फायरबॉल’ आणून दिली तेव्हा मिळालं.

आता आपण अख्खं गाणं ऐकू. गिटारचा एकल भाग कुठे येतो, तेवढं मोजा.

(‘फायरबॉल’ हे शीर्षकगीत पूर्ण ऐकवले.)

सापडला? नाही सापडणार. नाहीच आहे तो! मधे बेसला जागा दिली आहे, मग ऑर्गनला. ज्या रेकॉर्डनं एका पोराला जगातला सगळ्यात गाजलेला वेगवान गिटारवाला केलं, तिच्या पहिल्या गाण्यात गिटारला एकल जागाच नाही. मला हे फार बोलकं वाटतं. लहान कान रेकॉर्डमध्ये जे आहे तेवढंच ऐकत नाही; पुढे काय येईल याची जी चाहूल असते, तीही ऐकतो.

तीच गोष्ट पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. मालमस्टीन म्हणजे बाख आणि पॅगानिनी, हे समीकरण तुम्हाला माहीत असेल. १९८४ च्या ‘रायझिंग फोर्स’मध्ये तर तो इलेक्ट्रिक गिटारवर व्हायोलिनच वाजवतोय असं वाटतं. हे कुठून आलं विचारलं, की तो ब्लॅकमोरकडे बोट दाखवतो. ब्लॅकमोरच्या सुरावटी कुठून आल्या ते शोधत शोधत मी बाखपर्यंत गेलो, असा त्याचा प्रवास. पण आता ‘फायरबॉल’ नीट ऐका. तिच्यात बाख किती आहे? अगदी चिमूटभर. ती खरी सापडते ‘मशीन हेड’वर. इथे ब्लॅकमोर मुख्यतः ब्लूजच वाजवतोय. ‘फूल्स’ नावाच्या लांब गाण्यात मधे एक जागा आहे, तिथे तो गिटारचा आवाज बटणानं शून्यावर ठेवतो, तार छेडतो आणि मग हळूच बटण उघडतो. छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, फक्त सूर फुगत येतो. चेलोवर गज फिरवल्यासारखा. चिमूटभर म्हणतोय ती हीच. मालमस्टीननं त्या चिमटीवर अख्खं शेत पेरलं.

आपल्याकडच्या एका गोष्टीशी हे ताडून पाहू. १९३३ च्या सुमाराला गदगच्या जोशी मास्तरांचा अकरा वर्षांचा मुलगा एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकतो. झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी. ऐकतो आणि घर सोडतो. भीमसेन जोशींची ही गोष्ट इथे बसलेल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. मला एवढंच विचारायचंय, की भीमसेन निघून का गेले आणि यंग्वे खोलीतच का बसला?

स्वभाव वेगळा, काळ वेगळा, हे तर झालंच. पण रेकॉर्डही वेगळी होती. खाँसाहेबांची ती ७८ ची तबकडी. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. एवढ्यात खाँसाहेब काय दाखवणार? दार किलकिलं करतात आणि लावून घेतात. ऐकणाऱ्याला कळतं, की आत मोठा वाडा आहे आणि या तबकडीतून आपण आत जाऊ शकत नाही. मग माणूस गाडीत बसतो, ग्वाल्हेरला जातो, पार जालंधरपर्यंत जातो, आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात येतो. सवाई गंधर्व म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीतला आवाज शोधत तो त्याच आवाजाच्या घराण्यात पोचला. आणि तिथे काय मिळालं? आधी घरातली कामं, पाणी भरणं. मग मोजकेच राग, पण वर्षानुवर्षं. ‘आता पुरे, पुढचं उद्या’ म्हणणारा माणूस मिळाला.

‘फायरबॉल’ ही लाँग प्ले. चाळीस मिनिटांची. तिच्यात सात गाणी, एक वेगाचं, एक रांगडं, एक गावरान थट्टेचं, एक गूढ, एक आठ मिनिटांचं. दार किलकिलं करणं नाही, अख्खं घरच उघडं टाकलंय. स्टॉकहोमच्या पोराला बाहेर जायची गरजच पडली नाही. तो आत राहायला गेला. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं, बोटं बसेपर्यंत. गुरू नाही, रेकॉर्डच गुरू. आणि या गुरूमध्ये एक मोठा गुण आहे, तो कधी कंटाळत नाही. हजार वेळा विचारा, हजार वेळा तेच उत्तर. दोषही तोच आहे. तुमचं चुकलं तरी त्याचा चेहरा बदलत नाही. आणि तो कधीही ‘थांब’ म्हणत नाही.

मालमस्टीनचं पुढचं सगळं वाजवणं मी असंच ऐकतो. ‘रायझिंग फोर्स’ ही थोर रेकॉर्ड आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विशीतल्या पोराचं ते काम आहे आणि त्यात भूक आहे. पण त्यानंतरच्या रेकॉर्ड एकामागून एक ऐकल्या, की हळूहळू जाणवतं, हा माणूस तीच तान घेतोय. सफाई तीच, वेग तोच, दाणे मोत्यासारखे. पण श्वास कुठे घ्यायचा, ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ब्लॅकमोरकडे ते होतं. ब्लॅकमोर फटकन सहा सूर वाजवतो आणि मग चक्क गप्प बसतो, लॉर्डच्या ऑर्गनला पुढे येऊ देतो. ही गप्प बसायची जागा रेकॉर्डमध्ये ऐकू येत नाही, कारण तिथे दुसरं कुणीतरी वाजत असतं! पोरानं गिटार ऐकली, गिटारचं थांबणं ऐकलं नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगतो, कारण ती आपल्या जवळची आहे. मालमस्टीनच्या गिटारची पट्टी पडद्यापडद्यांच्या मधे कोरून खोलगट केलेली असते. किशोरवयात तो वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, तिथे एक सतराव्या शतकातली ल्यूट आली, तिची पट्टी अशी कोरलेली होती. ते पाहून त्यानं आपल्या गिटारवर तसं केलं. बोट लाकडाला टेकतच नाही, फक्त तारेवर. आपल्या सतारीचे पडदे उंच असतात, तेही तार मोकळी खेचून मींड घेता यावी म्हणून. म्हणजे सुराच्या आत शिरायची वाट त्यानं हातानं तयार करून घेतली होती. आणि त्याच्या संथ जागा, क्वचित येतात त्या, ऐकून बघा. त्यातला कंप सुंदर आहे. वाट होती. तो तिच्यावरून फार जोरात पळाला, एवढंच.

आता कोपनहेगन. लार्सचे वडील टॉर्बेन उलरिक, डेन्मार्कचे नावाजलेले टेनिसपटू आणि जॅझचे जाणकार. स्वतः वाजवणारे, लिहिणारे. १९७३ च्या फेब्रुवारीत ते नऊ वर्षांच्या पोराला डीप पर्पलच्या मैफलीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी लार्सनं जाऊन रेकॉर्ड घेतली, ती ‘फायरबॉल’. तोवर ‘मशीन हेड’ येऊन वर्ष होत आलं होतं, पण हातात आली ती मधली बहीण!

आता इयन पेसबद्दल थोडं तपशिलात सांगतो. हा माणूस कायम एकाच बेस ड्रमवर वाजवणारा. बेस ड्रम म्हणजे पायानं वाजवायचा तो मोठा ढोल. पण या एका गाण्यासाठी त्यानं दोन ढोल घेतले, दोन्ही पायांनी. मैफलीत हे गाणं आलं की दुसरा ढोल आणून ठेवायचे आणि गाणं संपलं की उचलून न्यायचे. गोंधळात संबळ ऐकलंय ना तुम्ही? दोन भांडी, एक बारीक बोलतं, एक घुमतं. इथे दोन्ही घुमणारी आहेत. आणि तरीही ते जड वाटत नाही. का? कारण पेस मुळात जॅझवर वाढलेला. बडी रिच, जीन क्रुपा हे त्याचे आदर्श. त्याच्या ठोक्यात झोका आहे. वेग कितीही असला तरी ठोका किंचित मागे रेलतो. आपला ढोलकीवाला लावणीत सम अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवून टाकतो ना, त्याच जातीचं ते.

लार्सनं यातलं काय घेतलं? दोन पाय घेतले. वेग घेतला. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला मेटॅलिका उभी राहिली, १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ आली, तिथून हा दोन पायांचा मारा जगभर गेला. झोका मात्र नाही घेतला. ज्याच्या बापानं आयुष्यभर जॅझवर प्रेम केलं, त्या पोरानं जॅझवाल्या ड्रमरकडून नेमकं जॅझ सोडून बाकी सगळं उचललं! (हशा.) यात मला त्याला कमी लेखायचं नाही. लार्सचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. गाणं कसं रचायचं, कुठे मोडायचं, कुठे वळवायचं, हे त्याला फार चांगलं कळतं. ‘फायरबॉल’वरचं ‘फूल्स’ ऐकलं की हे कुठून आलं ते दिसतं: हळू सुरुवात, मग डोंगर कोसळल्यासारखं, मग मधे अचानक शांत पाणी, मग पुन्हा डोंगर. मेटॅलिकाची १९८० च्या दशकातली लांब गाणी याच नकाशावर चालतात. बँडमधले दोघंही ‘फूल्स’चे वारस आहेत असं मी म्हणेन, यंग्वेनं तिच्यातली चेलोची जागा घेतली, लार्सनं नकाशा घेतला. बँडमधले म्हणजे, दोघं एका बँडमध्ये कधीच नव्हते, ‘रेकॉर्डमधले’ म्हणतो. (हशा.)

आणि दोघांनीही एक गाणं घेतलं नाही, ‘एनीवन्स डॉटर’. लोकगीताच्या वळणाचं, टवाळ, सैल बसून वाजवलेलं. कडक रॉकच्या चाहत्यांना त्याची लाज वाटते. मला वाटतं, रेकॉर्डचा जीव तिथे आहे. हे पाच जण स्वतःवर हसू शकत होते. त्यांच्या पुढच्या पिढीत विनोद गळून गेला आणि सगळं भयंकर गंभीर झालं. कातडी जॅकेट, धूर, कपाळाला आठ्या.

आपल्याकडे हे संगीत आलं ते मुंबईच्या वाटेनं. १९८४ साली तिथे रॉक मशीन हा बँड सुरू झाला. महेश टिनईकर गिटारवर, उदय बेनेगल गायला. आधी बाहेरच्या बँडची गाणी वाजवायचे; मग स्वतःची लिहायला लागले, १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढली, आणि १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. मराठवाड्यात आम्ही बसलो होतो भरलेल्या कॅसेटवर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ‘फायरबॉल’ बरोबर मावायची. माझ्या कॅसेटवर ‘डीमन्स आय’ हे गाणं नव्हतं, त्या जागी ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ होतं. कित्येक वर्षांनी कळलं, की इंग्लंडची आवृत्ती वेगळी आणि अमेरिकेची वेगळी. कॅसेट भरणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नव्हती. त्यानं गाण्यांची नावंसुद्धा लिहिली नव्हती. त्यामुळे आम्ही गाण्यांना स्वतःच नावं ठेवली होती. पहिलं गाणं अर्थातच ‘कूलर’.

इथे गिटार शिकणारी पाच-सहा पोरं बसलेली दिसतायत, केसांवरून ओळखली. (हशा.) तुमच्यासाठी एक मुद्दा आणि मग थांबतो. तुमच्या फोनवर कुठलंही गाणं अर्ध्या वेगानं ऐकता येतं. कुठलं बोट कुठल्या पडद्यावर, ते लिहून मिळतं. यंग्वेकडे यातलं काही नव्हतं. त्यानं ऐकून ऐकून बसवलं, त्यात चुका झाल्या असणार, आणि त्या चुकांतून त्याचा हात तयार झाला. तुम्हाला चुकायचीही सोय राहिलेली नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. तो चमत्कारच होता, पण पुढे देवधर मास्तरांकडे मुंबईत गेल्यावर त्यांना त्या चमत्कारातून बाहेर यावं लागलं. हुबेहूब येणं ही अडचणही असते. तेव्हा निदान एक करा. गिटारवाल्यानं गिटार ऐकू नये. एकदा फक्त ऑर्गन ऐका, एकदा फक्त ड्रम्स. गिटार कुठे गप्प आहे त्याच्या खुणा कागदावर करा.

आता ‘फूल्स’ लावतोय. आठ मिनिटांचं आहे. मधे सगळं शांत होईल, तेव्हा गाणं संपलं समजून टाळ्या वाजवू नका.

(‘फूल्स’ पूर्ण ऐकवले. त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली, ती पुढच्या भागात.)